धारेचा पांगुळगाडा

माझा हात सरळ चालत नाय हे मला कळलं तेवा माझं लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले आणि बोईसरला भाड्याची खोली घेतलेली. म्हणजे कळायला जरा उशीरच झाला. त्याच्या आधी माहीमच्या बंदरावर कुणाला ते खटकलं नाय, कारण आमचं घर होड्या बांधणारं. होडीत सरळ काय असतं? फळी वाकडी, कणा वाकडा, नाक वर गेलेलं. वाकड्या हाताचा माणूस होडीवर कामाला लावला तर लोक बोलतात, वा, काय वळण घेतलंय.

शाळेत मी गेलोय, नाय असं नाय. शाळेची कौलं उडाली तेवा बाबासोबत वासे बसवायला गेलेलो. तेवढंच शिक्षण.

होडीचं लाकूड आमी वाकसानं तासायचो. कुदळीसारखं आडवं पातं असतं, उभ्यानं पायाजवळ चालवायचं. त्याला धार लावायची तर वाळूत बसायचं, वाकस दोन पायांत दाबून धरायचा आणि निसण्याचा दगड हातात घेऊन पात्यावर गोल गोल चोळायचा, पोराच्या टाळूला तेल चोळतात तसा. अशानं धारेला जरा पोट येतं. वाकसाला ते चालतं. माझ्या धारेला तर जरा जास्तच यायचं, बाबा बोलायचा, ‘तुझं हत्यार नेहमी जेवून उठल्यासारखं दिसतं.’

बाबा गेल्यावर दादानं मला सरळ सांगितलं, ‘बंदरावर आता एकाच सुताराला पुरंल एवढं काम हाय. आणि तो सुतार मी हाय.’ भांडण नाय, काय नाय. खरंच होतं ते. वर त्यानं मला बाबाचा रंधा दिला, लाकूड कोरायच्या पटाश्या दिल्या, आणि बोलला, तारापूरला अणुशक्तीचं काम निघालंय, तिथे लाकूडवाले लागतात.

तिथे तेवा कुणीपण लागायचं. सिमेंट ओतायला लाकडाचे साचे करायचे, खिळे ठोकायचे, सिमेंट सुकलं की साचे उखडायचे. साचा गुळगुळीत हाय का कोण बघतो? मी खुश. उमरोळीला माझी सासू सगळ्या गावाला सांगत फिरायची, ‘जावई अणुशक्तीत हाय.’ जसा काय मीच तो अणू हातात धरून बसलोय.

मंग साच्यांचं काम आटपत आलं.

आमच्या शेडवर एक नवीन हेडमिस्त्री आला. उत्तरेकडचा होता, हिंदी बोलायचा, आणि तीपण मोजून. त्यानं सगळ्या सुतारांना गोळा केलं. आता कॉलनीच्या घरांची दारं-खिडक्या करायची, सागवानाचं काम हाय. ज्याचा रंधा चालतो तो शेडमध्ये राहील, बाकीच्यांचा हिशोब करून टाकायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकेकाचं काम बघणार. एवढं बोलून तो फिरायला लागला आणि नेमका माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी घाबरून रंधा जोरात मारला. रंधा लाकडावरून गेला आणि लाकूड होतं तसंच राहिलं.

तो बोलला, ‘लकड़ी छील रहा है या सहला रहा है?’

सगळी शेड हसली. मीपण हसलो. आपल्यावर हसतात तेवा आपणपण हसायचं, म्हणजे कोणावर हसतात ते कळत नाय, अशी माझी समजूत होती. तो पुढे गेला तरी मी तसाच हसत उभा, तोंड बंद करायचंच विसरलो.

माझ्या शेजारच्या बाकावर साताऱ्याकडचा एक सुतार होता. त्यानं माझ्या रंध्याचं पातं काढून उजेडाकडे धरलं. बोलला, ‘आरं, ही धार हाय का पुरणपोळी? मधनं फुगलीया. पात्याचा उतार कसा सपाट पायजे, आरशावानी. तुजं पातं पोटावर घसरतंया, टोक लाकडाला लागतच न्हाई.’

‘मंग काय करू?’

‘काय करू म्हंजी? हात हलवू नगंस.’

एवढं सोपं होतं बघा. हात हलवायचा नाय.

त्या दिवसापासून मी घरी आलो की ओट्यावर निसणा घेऊन बसायचो. पातं दगडावर टेकवायचं, पुढे न्यायचं, मागे आणायचं. पुढे नेताना हात वर जायचा, मागे आणताना खाली. होडी डुलते तसा. मी हाताला शिव्या द्यायचो. श्वास कोंडून धरायचो, तर छाती हलायची. भिंतीला कोपर टेकवून बघितलं, तर भिंतीचा चुना निघाला आणि घरमालकीण ओरडली. शेवटी बायको बोलली, ‘अवो, मी धरते हात.’ ती समोर बसली, माझं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं. आता दोघं हलायला लागलो. शेजारची बाई विहिरीवरून येताना थांबली, आमच्याकडे बघून पदर तोंडाला लावून पळाली. तिला काय वाटलं देव जाणे.

बायको हसली नाय. तिनं विचारलं, ‘नाय जमलं तर?’

‘जमंल,’ मी बोललो.

‘तसं नाय. नाय जमलं तर आपण कुठे जायचं?’

बंदरावर एकाचंच काम. उमरोळीला सासूकडे जायचं तर अणुशक्तीचा जावई ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलणार. आणि तिचं पोट आता दिसायला लागलेलं. मी ‘बघू’ बोललो आणि परत पातं घासत बसलो. त्या संध्याकाळी इतकं घासलं की पातंच झिजून जरा आखूड झालं. पोट तेवढं कायम.

पण एक गोष्ट टाळक्यात शिरली. हाताला धरून भागत नाय. पात्यालाच कायतरी धरायला पायजे. पातं एका लाकडाच्या ठोकळ्यात तिरकं पाचर मारून बसवलं आणि ठोकळ्याला मागून चाक लावलं, तर हात किती का नाचंना, पातं दगडावर त्याच उतारानं फिरणार. हात नुसता ढकलायला.

आता उतार केवढा ठेवायचा? माझ्या पात्याचा उतार बघून उपयोग नव्हता, त्याला उतार नव्हता, ढेरी होती. चांगला उतार साताऱ्याच्या गड्याच्या पात्याला. पण तो आपलं पातं कुणाला हात लावू देत नसे. दुपारी जेवायच्या सुट्टीत तो पाणी प्यायला गेला. त्याचा रंधा बाकावर, मी पातं काढलं. त्याचा उतार सपाट टेकवून ठेवला की पातं आपोआप जेवढं कलायला पायजे तेवढं कलतं. तेवढी कलती रेघ मला ठोकळ्याच्या लाकडावर मारून घ्यायची होती. पण पातं उभं राहीना. एक हात पात्याला, एक हात लाकडाला, पेन्सिल काय दातांत धरू? समोर माझा डबा उघडा होता. थंड झालेला भात, गच्च बसलेला. मी झाकणावर भाताचं ढेकूळ ठेवलं आणि पातं त्यात खुपसून उभं केलं. झकास उभं राहिलं. लाकूड बाजूला धरलं, रेघ मारली.

मागून आवाज आला, ‘आरं ये. माजं पातं तुज्या भातात काय करतंया?’

मी बोललो, ‘गंज.’

‘कसला गंज?’

‘खाऱ्या वाऱ्याचा. आमच्या बंदरावर असंच करतात. भातात ठेवलं की गंज ओढून घेतो.’

त्यानं पातं काढलं, धोतराला पुसलं, माझ्याकडे बघितलं, पात्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात बघतो तर भाकरीबरोबर भात, आणि भातात उभी पटाशी. तो भाकरीवाला माणूस, भात खास त्यासाठी आणलेला. मला हसूपण येईना, इतकी धाकधूक. त्याच्या पटाशीला गंज चढला असता तर त्यानं मला तिथेच तासला असता.

ठोकळा सागाच्या तुकड्याचा केला. रेघेवर करवतीनं तिरकी खाच कापली, खाचेत पातं, वर पाचर. चाक मिळेना. बायकोच्या शिवणाच्या डब्यात दोऱ्याची लाकडी रीळ होती, मोठी. तिला न विचारता मी सगळा दोरा सोडून हाताला गुंडाळला, मंग तो हातावरून निघेना. ती आली तेवा मी दोऱ्यात अडकलेलो, कोळ्याच्या जाळ्यातल्या माशासारखा. तिनं दोरा कापला, रीळ हातात दिली आणि विचारलं, ‘यानं जमंल?’

‘यानंच जमंल.’

‘मंग बाळाची टोपडी तुमीच शिवा.’

रिळीच्या भोकात जाड खिळा घालून ती ठोकळ्याखाली मागे बसवली. पुढे पात्याची धार दगडावर टेकलेली, मागे रीळ दगडावर फिरते. ढकललं. गेलं. ओढलं. आलं. पातं काढून बघितलं तर उतारावर एक सपाट पट्टा चमकत होता, नखाएवढा, पण सपाट. माझ्या हातून सपाट निघालेली ती पहिली गोष्ट. बायकोला दाखवायला गेलो आणि उंबऱ्याला ठेचाळून पातं पायावर पाडलं. तरी खुश होतो. लंगडत खुश.

शेडमध्ये मी ठोकळा न्यायचो नाय. घरून धार लावून पातं न्यायचं आणि कामाला लागायचं. रंधा लाकूड सोलायला लागला. साताऱ्याचा गडी बघायचा. विचारायचा, ‘कसं काय?’ मी बोलायचो, ‘हात हलवला नाय.’ सांगणार कसं? सुताराचा मान त्याच्या धारेत असतो, आणि धार हातानंच लावायची असते. रिळीवर धार लावणारा सुतार म्हणजे गळ्यात डबा बांधून पोहणारा कोळी.

एकच दुखणं होतं. रीळ खिळ्यावर जरा ढिली होती, डुगडुगायची. त्यानं धार एका बाजूला किंचित तिरकी यायची. मला झोप लागेना. किंचित तिरकी म्हणजे किती तिरकी, त्या हेडमिस्त्रीच्या डोळ्यात किती दिसंल, हाच हिशोब.

दसरा आला. दसऱ्याला आमच्यात हत्यारं धुऊन मांडायची, हळदकुंकू, आपट्याची पानं, आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नाय. मी रंधा धुतला, पटाश्या धुतल्या, ठोकळापण धुतला. धुता धुता होडीवाल्याचं डोकं चाललं. नवी होडी आमी आधी पाण्यात ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना भिडतात, फटी मिटतात. मंग रीळ का फुगणार नाय? भोक आवळंल, डुगडुग जाईल. मी ठोकळा रिळीसकट पाण्याच्या हंड्यात बुडवला आणि पूजेला बसलो. मनात बोललो, देवा, उद्यापर्यंत सगळं घट्ट होऊ दे.

देवानं ऐकलं.

सकाळी ठोकळा बाहेर काढला तर सगळं इतकं घट्ट की रीळ फिरेना. एक तसूभर फिरेना. खिळ्याला अशी चिकटलेली जसं तिचं त्याच्याशी लग्न लागलंय. मी हातोडीनं ठोकली. चुलीजवळ धरली. तिकडे कामावर न्यायची लॉरी यायची वेळ झाली. बायको दारात उभी, पोटावर हात ठेवून. बोलली, ‘तोंड असं का केलंय?’ मी बोललो, ‘असंच हाय ते.’ ठोकळा सदऱ्याच्या आत घातला आणि पळालो. लॉरीत माझा सदरा ओला, लोक विचारतात काय झालं, मी बोललो घाम. पोटावर चौकोनी घाम.

एकच आशा होती. माझ्या पात्याला धार आधीच होती. नुसता रंधा मारून दाखवायचा असला तर वाचलो.

हेडमिस्त्री उलट्या खोक्यावर बसलेला. पहिल्या सुताराला बोलावलं, त्याचं पातं हातात घेतलं आणि सरळ दगडावर उभं धरून धार घासून बोथट करून टाकली. परत दिलं. ‘अब बनाओ. यहीं, मेरे सामने.’

माझ्या पुढे जेवढे होते त्यांच्यात प्रत्येकानं खूप वेळ लावावा असं मला वाटत होतं, आणि मेले सगळे भराभर उरकत होते. साताऱ्याच्या गड्यानं तर बोलता बोलता धार लावली, लाकडाचा लांबलचक छिलका काढला. हेडमिस्त्रीनं छिलका सूर्याकडे धरला, आरपार उजेड. नुसती मान हलवली.

मंग माझा नंबर. त्यानं माझं पातं बोथट केलं. माझ्या काळजावर घासतोय असं वाटलं. मी दगडासमोर बसलो आणि हातानंच सुरू केलं. काय सांगू, त्या दिवशी हात होडीसारखा नाय, वादळातल्या होडीसारखा हलला. थोड्या वेळानं मी पातं बघितलं. पोट. तो वाकला, त्यानंपण बघितलं. मान दुसऱ्या सुताराकडे वळवली. तेवा मला बायकोचा प्रश्न ऐकू आला, कुठे जायचं.

मी सदऱ्यात हात घालून ठोकळा बाहेर काढला.

साताऱ्याचा गडी ओरडला, ‘आरं, ह्यो तर पांगुळगाडा! पात्याला चालाया शिकवतोय!’ शेड हसून हसून लोळायला आली. कोणीतरी बोललं, ‘सांभाळ, पडंल ते!’ यावेळी मला हसता आलं नाय. मी पातं खाचेत घातलं, पाचर मारली, दगडावर ठेवून ढकललं. रीळ फिरेना, खरवडत गेली, कुईंऽऽ करून. मी जोर लावला. फाट्! रीळ मधून फाटली, अर्धी उडून हेडमिस्त्रीच्या पायाशी जाऊन पडली.

त्यानं ती उचलली. विचारलं, ‘ये क्या है?’

मी बोललो, ‘मिस्त्रीजी, हाथ हिलता है. ये नहीं हिलता.’

‘ये तो टूट गया.’

‘टूट गया,’ मी बोललो.

उरलेली अर्धी रीळ मात्र खिळ्याला तशीच घट्ट बसलेली. गोल बाजू खाली. फिरत नव्हती, पण उंची तीच होती. मला वेगळं काय सुचलं असं नाय, हातानं सवयीनं केलं. आमी एवढी मोठी होडी वाळूवरून पाण्यात नेतो, तिला कुठे चाकं असतात? खाली ओंडके टाकायचे, त्यांना तेल माखायचं आणि ओढायची. मी दगडाशेजारचा तेलाचा डबा घेतला आणि दगडावर ओतला. जरा जास्तच ओतला, तेल दगड सोडून हेडमिस्त्रीच्या चपलेवर गेलं. तो पाय मागे घेऊन बसला. मी ठोकळा ढकलला. सरकला. ओढला. आला. कुईं बंद. मी ढकलत राहिलो, वर बघितलंच नाय. मागे हसण्याचा आवाज हळूहळू कमी झाला का मलाच ऐकू येईना, माहीत नाय.

पातं पुसलं, रंध्यात बसवलं, फळीवर रंधा मारला. छिलका निघाला. लांब निघाला, पण मधेच माझा हात हलला आणि छिलका तुटला. हेडमिस्त्रीनं दोन्ही तुकडे उजेडाला धरले. उजेड आला. मंग त्यानं ठोकळा उचलला, उलटसुलट बघितला, आपल्या पिशवीत टाकला आणि पुढच्या सुताराला हाक मारली.

मी पास का नापास? काय कळलं नाय. वर ठोकळा गेला. घरी आलो, बायकोनं विचारलं, मी बोललो, ‘ठेवून घेतला.’ ती बोलली, ‘कामावर?’ मी बोललो, ‘ठोकळा. पिशवीत.’ तिनं कपाळावर हात मारला. बोलली, ‘माझी रीळपण गेली म्हणजे.’

मंग काय दिवस माझे असे गेले की हेडमिस्त्री दिसला की मी फळीमागे. कोणाला काढणार ते अजून सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्यानं मला फळीमागूनच बाहेर बोलावलं आणि ठोकळा बाकावर ठेवला. त्यानं मागे रिळीच्या जागी लोखंडाची पट्टी वाकवून बसवलेली. बोलला, ‘ऐसे और बना. हर बेंच के लिए एक.’

मी आधी खुश झालो. बाकापाशी जाऊन लाकूड मोजायला लागलो आणि मधेच हात थांबला. प्रत्येक बाकाला एक ठोकळा झाला म्हणजे मंग मी कशाला पायजे? माझ्याकडे जेवढी होती नव्हती ती अक्कल त्या ठोकळ्यात, आणि मी तीच वाटून टाकणार. आपल्याच हातानं आपला हिशोब तयार करतोय असं वाटायला लागलं. तरी केले. एकेक खाच नीट कापली. वाईट करायची हिंमत नव्हती, हेडमिस्त्री लगेच बघून सांगणार. करताना घाम येऊन पेन्सिलीच्या रेघा पुसल्या जायच्या, परत मारायचो.

प्रत्येक बाकावर एक ठोकळा ठेवला. आणि मजा बघा. कोणी हात लावीना. ज्याला त्याला भीती, आपण वापरला तर दुसरा ओरडंल पांगुळगाडा. साताऱ्याच्या गड्यानं त्याच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्यानं दाराला अडसर म्हणून लावला. पण सागाचं काम कडक, पातं सारखं बोथट व्हायचं, आणि हातानं धार लावत बसलं की हेडमिस्त्री विचारायचा, दार कुठे?

मंग एक दिवस साताऱ्याचा गडी माझ्याजवळ आला. पातं फडक्यात गुंडाळून, जसं काय पोरीचं स्थळ घेऊन आलाय. इकडे तिकडे बघितलं.

‘आज हात दुखतुया,’ तो बोलला.

‘कोणता?’

‘दोन्ही. तू जरा धार मारून दे की. तुजा तर चालूच हाय पांगुळगाडा.’

मी मारून दिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा हात दुखायला लागला. मंग सगळ्या शेडला हातदुखीची साथ आली. माझं लाकूड तासायचं राहूनच गेलं, मी कोपऱ्यात गोणपाटावर बसून दिवसभर लोकांची पाती ढकलतोय, ओढतोय. हसायचे तेपण, पण पातं देऊन हसायचे. मी मनात बोलायचो, हसा बाबांनो, पण स्वतःहून ठोकळा वापरायला लागू नका. कोणी आपल्या बाकावरच्या ठोकळ्याकडे नुसतं बघितलं तरी मी त्याचं पातं मागायला धावायचो. चहाचा कप त्याच्यावर परत ठेवला की बरं वाटायचं.

आणि एक दुपार आली. हेडमिस्त्री उभा राहिला आणि ज्यांचा हिशोब करायचा त्यांना एकेकाला हात करून बाजूला बोलवायला लागला. मी गोणपाटावर बसलेलो, पातं ठोकळ्यात, हात थांबलेले. याला बोलावलं, त्याला बोलावलं. चांगले सुतार होते त्यात, माझ्यापेक्षा किती तरी चांगले. प्रत्येक हाताबरोबर मी उठायला बघायचो आणि परत बसायचो. तो कोपऱ्याकडे आला. माझ्याकडे बघितलं. पुढे गेला. परत फिरला.

मला राहवलं नाय. मीच विचारलं, ‘मिस्त्रीजी, मेरा क्या?’

‘तेरा क्या?’

‘मैं दरवाजा तो बनाता नहीं.’

‘तो?’

‘तो मैं सुतार है कि नहीं?’

तो बोलला, ‘वो तेरा सिरदर्द है. धार अच्छी है.’ जाता जाता वळून बोलला, ‘कल से आरियाँ भी तू देखेगा. सबकी.’

संध्याकाळी खोलीवर गेलो. बायको दारात बसून तांदूळ निवडत होती. माझ्या तोंडाकडे बघून ती उभी राहायला लागली, पोटामुळे जमेना, भिंत धरली.

‘काढलं?’ तिनं विचारलं.

‘नाय. ठेवलं.’

ती परत खाली बसली. किती तरी वेळ तांदळात बोटं फिरवत राहिली, खडा मात्र एकपण काढला नाय. मंग बोलली, ‘मंग तोंड असं का?’

‘सगळ्यांच्या करवतींना धार लावायला सांगितलंय.’

‘मंग?’

‘करवतीला धार लावायला मला येत नाय. दात असतात तिला. एक डावीकडे, एक उजवीकडे. दादानं मला केवा हातच लावू दिला नाय.’

तिनं सूप बाजूला ठेवलं. शिवणाचा डबा उचलला, आत नेला आणि फळीवर, माझा हात पोचणार नाय अशा उंचीवर ठेवला.